उताऱ्यावरची न वाचता येणारी ओळ : पुण्यातील बँक अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शाखाव्यवस्थापक व ग्राहकसेवा अधिकारी,
पुणे शहर व जिल्ह्यातील सर्व सरकारी, खासगी आणि सहकारी बँका.

विषय : खातेउताऱ्यावरील ऑनलाइन व्यवहारांच्या नोंदी खातेदाराला ओळखता येतील अशा लिहिण्याबाबत.

महोदय, महोदया,

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँक जुळवणी पत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. आमच्या रोकडवहीतील प्रत्येक रक्कम बँकेच्या उताऱ्यात सापडलीच पाहिजे आणि उताऱ्यातील प्रत्येक रकमेला आमच्याकडे कागद असलाच पाहिजे, एवढाच त्या कामाचा अर्थ. उताऱ्यावर धनादेशाचा क्रमांक असे, बहुधा नावही असे. एखादी रक्कम जुळली नाही तर चूक एक तर आमची असे नाही तर तुमची, आणि दुपारच्या चहापर्यंत ती सापडत असे. निवृत्तीनंतर कोथरूडमधील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर बुधवारी संध्याकाळी मी एका टेबलाशी बसते. लोक पासबुके घेऊन येतात, कोणी मोबाइलवरचा उतारा उघडून पुढे करतात, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "हे पैसे कुणाला गेले?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देणे मलाही आता अवघड होऊ लागले आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीतील ७४ वर्षांच्या एक बाई पासबुक भरून घेऊन आल्या, त्या रडकुंडीला येऊनच. खात्यातून २,९५० रुपये गेले होते. तपशिलाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा एक पुंजका, मग मध्येच तुटलेले कुठल्याशा कंपनीचे नाव आणि शेवटी बेंगळुरू. बाईंचे बेंगळुरूला कोणी नाही आणि त्या तिकडे कधी गेलेल्याही नाहीत. शाखेत विचारल्यावर त्यांना सांगण्यात आले की तुम्हीच कुठेतरी ऑनलाइन केले असेल, भीती वाटत असेल तर कार्ड बंद करून टाका. त्यांनी ते बंद केले. नव्या कार्डाचे २३६ रुपये गेले, जुन्या कार्डाला जोडलेला विम्याचा हप्ता त्या महिन्यात चुकला, आणि मुलाला कसे सांगायचे या विवंचनेत चार रात्री गेल्या त्या वेगळ्याच. बुधवारी मी २,९५० ला १.१८ ने भागले. बरोबर २,५०० आले. म्हणजे अठरा टक्के जीएसटी लागलेली ही कसलीतरी सेवा असावी, असा अंदाज बांधून मी विचारले की त्या तारखेच्या मागेपुढे घरी कोणी दुरुस्तीला आले होते का. आले होते. स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या वार्षिक देखभालीचा करार त्या मुलाने नवा करून दिला होता, मोबाइलवर एक दुवा पाठवला होता आणि बाईंनी त्याच्यासमोरच कार्डाचा क्रमांक व ओटीपी भरला होता. उताऱ्यावर नाव आले ते यंत्राच्या कंपनीचे नव्हे. तिच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचे.

दुसरी हकीकत उलट्या टोकाची आहे. आमच्या संघातील एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांच्या खात्यातून दोन महिन्यांत तीन वेळा चारशे रुपयांच्या आसपास रक्कम गेली. पहिली ४१७.३५ रुपये होती, आणि तिच्या पाठोपाठ १७.२४ रुपयांची आणखी एक नोंद. सरांच्या बँकेत एसएमएसचे तिमाही शुल्क १५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १७.७० रुपये कापले जाते, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा ही सतरा रुपयांची नोंद त्याच कुळातली आणि वरची चारशेची नोंदही बँकेचेच काही तरी शुल्क, असे ते धरून चालले. प्रत्यक्षात कोणी तरी त्यांच्या कार्डाचा क्रमांक एका परदेशी संकेतस्थळावर वापरत होते. १७.२४ रुपये म्हणजे त्या परकीय चलनातल्या व्यवहारावर बँकेने लावलेला साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावरचा जीएसटी. मुलीकडे परदेशी गेले असताना सुरू केलेली परदेशी व्यवहारांची सोय परत आल्यावर बंद करायची राहून गेली होती, आणि परदेशी संकेतस्थळाने ओटीपी मागितला नव्हता. सरांना एसएमएस आले नव्हते असे नाही. तिन्ही वेळा आले होते. पण त्यांतही तेच तुटके नाव होते. तक्रार केली तेव्हा सुमारे चाळीस दिवस उलटून गेले होते.

बाईंचे पैसे चोरीला गेले नव्हते आणि त्या घाबरल्या. सरांचे जात होते आणि ते निश्चिंत राहिले. दोघेही सुशिक्षित, दोघेही पासबुक वेळेवर भरून घेणारे. दोघांना चुकवले ते त्या एका ओळीने.

आता ही ओळ इतकी महत्त्वाची का, ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे, तरी वाचकांसाठी लिहिते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिले. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराची माहिती ग्राहकाने बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिली, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये किंवा व्यवहाराची रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते ग्राहकाने सोसायचे. किमान शिल्लक न लागणाऱ्या मूलभूत बचत खात्यासाठी हीच मर्यादा ५,००० रुपये. सात दिवसांनंतर ज्या त्या बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात परत जमा करायची, नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर, हेही त्याच परिपत्रकात आहे. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे याबद्दल मला शंका नाही. पण हिशेबनीसाच्या नजरेने तो पुन्हा वाचावा. चारशे रुपयांच्या चोरीला दहा हजारांच्या मर्यादेचा काय उपयोग? चौथ्या दिवशी कळवले तरी चारशेच्या चारशे ग्राहकाच्याच अंगावर पडतात. म्हणजे लहान रकमांसाठी, आणि चोर मुद्दाम लहान रकमाच काढून पाहतात, संरक्षण आहे ते पहिल्या तीन दिवसांपुरतेच. त्या तीन दिवसांत ग्राहकाने करायचे काय? तर ती नोंद आपली नाही हे ओळखायचे. आणि ओळखायचे कशावरून? त्या ओळीवरून.

ती ओळ अशी का होते, हे समजून घेण्याचा मी माझ्या परीने प्रयत्न केला आहे, कारण शाखेत "सिस्टिममधून तसंच येतं" यापलीकडे उत्तर मिळत नाही. सिस्टिममधून तसेच येते हे खरे आहे. कार्डाच्या व्यवहाराचा जो संदेश एका बँकेकडून दुसऱ्या बँकेकडे जातो, त्यात व्यापाऱ्याचे नाव, गाव आणि देश या तिन्हींसाठी मिळून चाळीस अक्षरांची जागा असते, आणि नावाच्या वाट्याला त्यातली बावीस ते पंचवीस अक्षरे येतात. ही रचना दुकानातल्या यंत्रावर कार्ड घासण्याच्या काळातली आहे. तेव्हा नाव दुकानाचे असे आणि गावही दुकानाचेच. ऑनलाइन व्यवहारात मात्र लहान व्यापारी स्वतः बँकेशी जोडलेला नसतो. रेझरपे, पेयू, बिलडेस्क, कॅशफ्री यांसारख्या मधल्या कंपन्या त्याच्या वतीने पैसे स्वीकारतात. मग पंचवीस अक्षरांतली पहिली काही मधल्या कंपनीच्या नावात जातात आणि व्यापाऱ्याच्या नावाचा शेपटाकडचा भाग गळून पडतो. गाव येते ते मुख्य कार्यालयाचे, म्हणून कर्वे रस्त्यावर बसून केलेला व्यवहार बेंगळुरू, गुरुग्राम किंवा मुंबईचा होतो.

त्यात भर म्हणजे कंपनीचे कागदोपत्री नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव वेगळे असते. पेटीएम चालवणाऱ्या कंपनीचे नाव वन९७ कम्युनिकेशन्स आहे. बिलडेस्कच्या कंपनीचे नाव इंडियाआयडियाज डॉट कॉम. स्विगीची कंपनी २०२४ पर्यंत बंडल टेक्नॉलॉजीज या नावाने नोंदलेली होती, आणि झोमॅटोच्या कंपनीने २०२५ मध्ये इटर्नल हे नाव घेतले. यात कोणाची लबाडी नाही. पण विजेचे बिल भरलेल्या माणसाला उताऱ्यावर इंडियाआयडियाज असे दिसले, तर त्याने त्याचा संबंध मीटरशी कसा लावायचा?

यूपीआयमध्ये अडचण निराळी आहे. तिथे नाव येते, पण ते खातेदाराचे. आपल्या शहरात हे विशेष जाणवते. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाची पाटी आजोबांच्या नावाची, परवाना वडिलांच्या नावाचा आणि क्यूआर कोड नातसुनेच्या खात्याचा, असे मी स्वतः पाहिले आहे. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ३० जून २०२५ पर्यंत सर्व यूपीआय अॅपांनी पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवावे, असे सांगितले. फसवे नाव लावून पैसे उकळणाऱ्यांना आळा घालण्यासाठी ते योग्यच होते आणि त्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. मात्र पैसे देताना आपण दुकानासमोर उभे असतो, म्हणून वेगळे नाव दिसले तरी चालते. महिनाभराने उताऱ्यावर तेच नाव वाचताना दुकान समोर नसते. नोंदलेले नाव आणि पाटीवरचे नाव, दोन्ही उताऱ्यावर हवीत.

त्यातल्या त्यात यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक मला उपयोगी पडतो, आणि त्याची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. बहुतेक वेळा त्यातला पहिला आकडा चालू वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे तो वर्षातला कितवा दिवस हे सांगतात. ५ जून २०२४ चा व्यवहार ४१५७ ने सुरू होतो, कारण त्या लीप वर्षात तो १५७ वा दिवस होता. नोंदीची तारीख आणि प्रत्यक्ष व्यवहाराची तारीख वेगळी असली, की या आकड्यांवरून मी मूळ दिवस काढते आणि समोरच्याला विचारते की त्या दिवशी आपण कुठे होता. बरेचदा उत्तर सापडते. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आपल्याच पैशांसाठी असली कोडी सोडवावीत, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

ऑनलाइन खरेदीच्या नोंदींत बँकेच्या स्वतःच्या कपातीही मिसळलेल्या असतात, आणि तिथे तर मध्यस्थ कंपनीची सबब चालणार नाही. बुधवारच्या टेबलावर माझा पहिला प्रयोग म्हणजे रकमेला १.१८ ने भागणे. १७.७० चे १५, ११८ चे १००, २३६ चे २००, ५९० चे ५०० आले, की ते बहुधा शुल्क असते. ५९० तर अनेकदा परत गेलेल्या हप्त्याचा दंड निघतो. मे महिन्याच्या अखेरीस २० आणि ४३६ रुपये कापले गेले म्हणून दरवर्षी निदान चार-पाच जण धावत येतात. त्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेच्या आणि जीवनज्योती विमा योजनेच्या वार्षिक वर्गण्या असतात, २०२२ च्या जूनपासून याच दराने, आणि त्यांची संमती बहुतेकांनी खाते उघडताना किंवा शाखेतल्या एखाद्या शिबिरात सही करून दिलेली असते. या दोन्ही योजना चांगल्या आहेत. काहींना आपण विमा उतरवला आहे हेच ठाऊक नसते, आणि घरच्यांना ठाऊक नसेल तर वेळ आल्यावर दावा कोण करणार?

रिझर्व्ह बँकेला हे सगळे नवे नाही. जून २०१७ मध्येच तिने बँकांना, आणि पुढच्या महिन्यात सहकारी बँकांना, कळवले होते की पासबुकात आणि उताऱ्यात न कळणाऱ्या नोंदी नसाव्यात. पैसे दुसऱ्याला दिले असतील तर कोणाला व कोणत्या मार्गाने, आणि बँकेने शुल्क घेतले असेल तर ते कशाचे व थोडक्यात कोणत्या कारणासाठी, हे लिहावे. आम्ही मागतो ते नवे काही नाही. आपल्या वरिष्ठ कार्यालयांना ही सूचना आपण स्मरणपत्र म्हणून पाठवावी, एवढी या पत्राची पहिली विनंती आहे. १७.७० समोर "एसएमएस शुल्क, एप्रिल ते जून" आणि १७.२४ समोर "परकीय चलन अधिभार" एवढे शब्द छापले असते, तर सर त्याच आठवड्यात शाखेत आले असते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की मोबाइल अॅपमध्ये पूर्ण तपशील दिसतो. दिसतो, आणि म्हणूनच माझा आक्षेप अधिक आहे. जी माहिती अॅपमध्ये आहे, ती बँकेकडे आहे. मग ती कागदावर का नाही? व्यापाऱ्याचा चार आकडी व्यवसाय-संकेतही कार्डाच्या व्यवहारासोबत येतो. ५४११ म्हणजे किराणा, ५८१२ म्हणजे उपाहारगृह, ५९१२ म्हणजे औषधांचे दुकान. नाव तुटले तरी "औषधे" हा एक शब्द शेजारी असता, तर अर्ध्या शंका टेबलापर्यंत आल्याच नसत्या. आणि हे शब्द मराठीत असावेत. ग्राहकाच्या हाती पडणारे छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावे, हे आपल्याला सांगितलेले आहेच. पैसे भरण्याची पावती तीन भाषांत असते आणि खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस मात्र केवळ इंग्रजीत, हा उफराटा न्याय मला कधी समजला नाही.

ऑटोपेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे नियम पुष्कळ स्पष्ट आहेत. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या हप्त्यांची चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आली. रक्कम जाण्यापूर्वी किमान २४ तास आधी व्यापाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख आणि कारण ग्राहकाला कळवले पाहिजे आणि त्याला तो हप्ता किंवा सगळी संमतीच रद्द करता आली पाहिजे. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते दर वेळी ओटीपी न मागता जाऊ शकतात. गोम अशी की पहिली संमती ग्राहक देतो तेव्हा पडद्यावर ठळक असतात ते "फक्त १ रुपया" किंवा "सात दिवस मोफत" हे शब्द, आणि आठव्या दिवसापासून दरमहा जाणारी रक्कम खाली बारीक अक्षरांत असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जे तेरा फसवे प्रकार निषिद्ध ठरवले, त्यांत वर्गणीचा हा सापळाही आहे. अशा प्रकरणात पिन ग्राहकानेच टाकलेला असतो, त्यामुळे त्याला चोरी म्हणता येत नाही आणि बँकेने हात वर केले तर मी तिला सर्वस्वी दोषही देत नाही. पण शाखेत आलेल्या माणसाला चालू असलेल्या संमतींची यादी कुठे पाहायची आणि रद्द कशी करायची, हे दोन मिनिटांत दाखवता येते. नुसते "तुम्हीच दिलंय" म्हणून त्याला परत पाठवले, तर पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा जातात.

शाखेतल्या मनुष्यबळाची मला कल्पना आहे. एका खिडकीवर तीन खिडक्यांचे काम करणारी मुलगी उताऱ्यावरचे प्रत्येक नाव उलगडत बसू शकत नाही, आणि हे पत्र तिच्याविरुद्ध नाही. परंतु खातेदार अनोळखी नोंद दाखवतो, तेव्हा कार्ड बंद करणे ही पहिली पायरी नसावी, तशीच शेवटचीही नसावी. संदर्भ क्रमांकावरून व्यापाऱ्याचे पूर्ण नाव पाहण्याची सोय बँकेत असते. ती शाखेतल्या निदान एका व्यक्तीला वापरता यावी. नोंद तरीही ओळखू आली नाही, तर तक्रार तिथल्या तिथे लिहून घ्यावी आणि तारीख-वेळेसह तक्रार क्रमांक द्यावा, कारण ते तीन दिवस त्या क्षणापर्यंत मोजले जातात. तोंडी सांगितलेले मोजले जात नाही, हे सरांच्या लक्षात फार उशिरा आले. शंका आल्यावर पहिल्यांदा ते शाखेत नुसते विचारून परत आले होते.

२०१७ च्या त्याच परिपत्रकात आणखी एक सोय सांगितलेली आहे, जिचा विसर पडल्यासारखे दिसते. व्यवहाराच्या एसएमएसला आणि ईमेलला ग्राहकाने नुसते उत्तर पाठवून हरकत नोंदवता यावी, त्यासाठी त्याला संकेतस्थळ किंवा पत्ता शोधत बसावे लागू नये, असे ते म्हणते. बुधवारच्या टेबलावर मी शेकडो एसएमएस वाचले असतील. त्यांतले ज्यांना उत्तर पाठवता येईल असे संदेश मला क्वचितच दिसले. काहींत एक दूरध्वनी क्रमांक असतो, काहींत तोही नसतो. आणि इथेच खरी भीती आहे. अनोळखी नाव पाहून घाबरलेला माणूस ते नाव इंटरनेटवर शोधतो, त्याला "ग्राहक सेवा" म्हणून एक मोबाइल क्रमांक सापडतो, पलीकडचा गोड आवाज पैसे परत मिळवण्यासाठी एक अॅप उतरवून घ्यायला सांगतो, आणि २,९५० रुपयांच्या खऱ्याखुऱ्या बिलापायी खाते रिकामे होते. आमच्या परिसरात असे घडले आहे. त्या माणसाने फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर कळवले असते, तर कदाचित काही रक्कम वाटेत अडवता आली असती. त्याला तो क्रमांक माहीत नव्हता. पासबुकाच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला तो छापायला किती खर्च येईल? त्याच्या खाली हेही छापावे की बँकेने ३० दिवसांत तक्रारीचे निवारण केले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. आपल्याविरुद्ध कुठे जायचे हे आपणच सांगावे, ही मागणी विचित्र वाटेल. पण ग्राहकाला ते कळवणे हा आपल्या कामाचा भाग आहे.

याच पत्रातून पुण्यातील व्यापाऱ्यांनाही दोन शब्द. क्यूआर कोड घेताना किंवा मधल्या कंपनीकडे नोंदणी करताना जिथे व्यवसायाचे नाव विचारतात, तिथे पाटीवरचे नाव भरावे, आणि ते पहिल्या पंधरा-वीस अक्षरांत ओळखू येईल असे भरावे. "श्री" आणि "अँड सन्स" यांत अर्धी जागा घालवू नये. दुव्यावरून पैसे घेतलेत तर पावतीवर एक ओळ लिहावी की आपल्या खातेउताऱ्यावर ही रक्कम अमुक नावाने दिसेल. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रवाल्या त्या मुलाने एवढे लिहून दिले असते, तर बाईंचे कार्ड बंद झाले नसते आणि पुढच्या वर्षी तो करार दुसऱ्याकडे गेला नसता.

सरांच्या तक्रारीवर बँकेचे उत्तर आले आहे. सात दिवस उलटून गेल्याने धोरणानुसार रक्कम परत देता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. तीन व्यवहारांची रक्कम अधिभारासह तेराशे रुपयांच्या आत आहे आणि सरांना ती परवडते. मात्र लोकपालाकडे जाण्याचे त्यांनी ठरवले आहे, आणि अर्जासोबत त्या तिन्ही ओळींची छायाप्रत जोडली आहे. त्या ओळी वाचून हा व्यवहार परदेशी आहे हे कोणत्या ग्राहकाने, कशावरून ओळखावे, असा एकच प्रश्न त्यांनी अर्जात विचारला आहे.

आमचे टेबल दर बुधवारी सायंकाळी पाच वाजता लागते. आपल्यापैकी कोणत्याही बँकेने एक अधिकारी एका बुधवारसाठी पाठवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. भाषण नको, स्लाइड नकोत, सावधगिरीची पत्रकेही नकोत. आम्ही खातेदारांची संमती घेऊन, नावे व खाते क्रमांक झाकून, दहा पासबुके समोर ठेवू. त्यांनी आपल्याच बँकेचे एक उचलावे आणि मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी, संगणकाला हात न लावता, आम्हाला ओळीने वाचून दाखवाव्यात. जिथे अडतील तिथे आम्ही पेन्सिलीने खूण करू आणि ते पासबुक त्यांच्यासोबत आपल्या वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवू.

आपली,
कोथरूड, पुणे येथील एक खातेदार